प्रमुख याजकाच्या वस्त्रांचा खरा अर्थ कोणता, आणि पायाला दोरी बांधायचे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ताईंना संडे स्कूलच्या मुलांना निर्गम 28 शिकवायचंय, प्रमुख याजकाची, म्हणजे इस्राएलाच्या मुख्य पुजाऱ्याची वस्त्रं. इंटरनेटवरून तीन चार्ट काढले, एकात निळा म्हणजे स्वर्ग, दुसऱ्यात निळा म्हणजे नियमशास्त्र, तिसऱ्यात पवित्र आत्मा. मग खरा अर्थ कोणता? शिवाय प्रमुख याजकाच्या पायाला दोरी बांधायचे म्हणजे तो आत मेला तर बाहेर ओढता यावा, हे शिकवू का? आणि जमलं तर एक ड्रेस शिवून मुलांना दाखवायचाय.

मी गेली 26 वर्षं मराठी बायबल क्लासमधे जुना करार शिकवतोय आणि हा ड्रेस शिवूनही घेतलाय, म्हणून जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, तुमची खरी अडचण तीन चार्टमधला बरोबर कोणता ही नाहीये. खरी अडचण अशी की तिन्ही चार्ट कपड्यांकडे डिक्शनरीसारखं बघतात, हा रंग बरोबर हा अर्थ, संपलं. आणि निर्गमच्या अख्ख्या 28 व्या अध्यायात एकाही रंगाचा अर्थ सांगितलेला नाही. एकाही नाही. वाचून बघा परत. रंग सांगितलेत, सूत सांगितलंय, कुणी विणायचं, कुठे कडी लावायची, साखळी कशी पिळायची हे सगळं शिंप्याला सांगावं तसं सांगितलंय, पण निळा म्हणजे अमुक असं कुठेच नाही.

मग अर्थ नाहीच का? आहे, पण तो रंगात नाही, कापडात आहे. हे मला स्वतःला कळायला बरीच वर्षं लागली त्यामुळे सावकाश सांगतो.

निर्गम 28 वाचायच्या आधी 26 वाचा. तिथे निवासमंडपाचे, म्हणजे देवाच्या तंबूवजा घराचे पडदे आहेत. निळं, जांभळं, किरमिजी सूत आणि तलम कापड. आता 28 मधे एफोद, म्हणजे खांद्यांवरून अडकवलेलं वरचं वस्त्र, तेच चार धागे. ऊरपट, म्हणजे छातीवरचा चौकोनी तुकडा, तेच. कमरबंद, तेच. म्हणजे ज्या मालातून देवाच्या घराचे पडदे विणले त्याच मालातून याजक विणलाय म्हणा ना. पुढे अजून गंमत आहे. हिब्रूमधे विणकामाच्या प्रकारांना वेगळी नावं आहेत. सगळ्यात आतला पडदा, परमपवित्रस्थानासमोरचा, तो ज्या कारागिरीचा त्या प्रकाराला मआसे होशेव म्हणतात, म्हणजे नक्षी डोक्यातून रचून विणणारा कुशल कारागीर. बाहेरच्या दाराचा पडदा त्याहून साध्या कारागिरीचा, मआसे रोकेम. आता कपडे बघा, एफोद आणि ऊरपट आतल्या पडद्याच्या कारागिरीचे, आणि कमरबंद दाराच्या पडद्याच्या कारागिरीचा! एफोदात वर सोनंही विणलंय, जे पडद्यांत नाही, ते आतल्या सामानाला लागलंय, कोश, समई, मेज यांना. म्हणजे बाहेरून आत जाताना जशी वस्तू भारी होत जाते तशीच याजकाच्या अंगावरही होत जाते. तो माणूस म्हणजे चालताबोलता मंडप झाला.

माझं म्हणणं एवढंच की हे कपडे माणसाचे नाहीत, जागेचे आहेत. बाकीचं सगळं मला तरी यातूनच सुटतं.

उदाहरणार्थ लोकर आणि ताग एकत्र विणायची बंदी. लेवीय 19:19 आणि अनुवाद 22:11 मधे साध्या इस्राएली माणसाला मनाई आहे, लोकर आणि जवसाचं सूत एका कपड्यात घालायचं नाही. आणि याजकाच्या कपड्यात तर सरळ तेच आहे, कारण निळे जांभळे धागे लोकरीचे होते, जवसाच्या धाग्याला ते रंग नीट धरत नाहीत. योसेफस हा पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार, जो स्वतः याजक घराण्यातला होता, तो स्पष्ट लिहितो की असं कापड इतरांना वर्ज्य कारण ते याजकांसाठी ठेवलेलं आहे. म्हणजे मिश्र कापड वाईट म्हणून बंदी नाहीये, ते जास्त पवित्र म्हणून बंदी आहे. देव्हाऱ्यातली समई आपण लाइट गेली म्हणून पुस्तक वाचायला उचलून आणत नाही ना, तसं.

(इथे एक मराठी वाचकांसाठी. आपल्या बायबलमधे "तलम सणाचे कापड" असं आहे. सण म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे गोणपाट आणि सुतळी येते, आणि मग मुलं विचारतात सर तो बिचारा पोतं घालायचा का. तर ते सणाचं नाही आणि तागाचंही नाही, ते जवसाच्या, म्हणजे अळशीच्या झाडाच्या दांड्यातून काढलेल्या धाग्याचं, ज्याला आपण दुकानात लिनन म्हणतो ते. इजिप्तमधे याचं अतिशय तलम कापड निघायचं. मी वर सवयीने ताग लिहून गेलोय बघा, इतकं ते डोक्यात बसलंय.)

आता रंग. अर्थ नाही म्हणालो, पण किंमत आहे, आणि ती मुलांना सांगण्यासारखी आहे. निळा आणि जांभळा हे भूमध्य समुद्रातल्या गोगलगायींसारख्या शंखातल्या प्राण्यांपासून काढायचे, एका प्राण्यातून नखभर रंग निघणार, म्हणजे एका झग्यासाठी किती ढीग लागत असेल विचार करा. किरमिजी रंग ओक झाडावरच्या बारीक किड्यापासून, हिब्रू नावातच तो किडा आहे. किरमिजी हा आपला शब्दही किड्यावरूनच आलाय, कृमी, किरम. 2021 मधे इस्राएलच्या दक्षिणेला तिम्नाच्या तांब्याच्या खाणींच्या भागात खऱ्या जांभळ्या रंगाच्या लोकरीचे तुकडे सापडल्याचं जाहीर झालं, साधारण इ.स.पू. 1000 चे, म्हणजे दावीद शलमोनाच्या आसपासचे. वाळवंटात, समुद्रापासून एवढ्या लांब. असला रंग राजेलोक वापरायचे. म्हणून निळा म्हणजे काय असं मुलांनी विचारलं तर मी म्हणतो, निळा म्हणजे महाग, आणि महाग म्हणजे राजवाडा, आणि हा राजवाडा देवाचा. आकाश वगैरे नंतर.

आकाशवाला अर्थ पूर्ण चुकीचाही नाही हं. फक्त तो कुणाचा ते सांगा. योसेफसच लिहितो की जवसाचं कापड म्हणजे पृथ्वी, निळा म्हणजे आकाश, डाळिंबं म्हणजे वीज आणि घुंगरांचा आवाज म्हणजे मेघगर्जना. त्याच शतकात अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फिलो याच धर्तीवर लिहितो. पहिल्या शतकातल्या ग्रीक वाचकाला समजेल असं केलेलं ते स्पष्टीकरण आहे. तालमूद या ज्यू ग्रंथातले रब्बी, म्हणजे धर्मशिक्षक, वेगळंच सांगतात, एकेक वस्त्र एकेका पापाचं प्रायश्चित्त करतं. अंगरखा रक्तपाताचं, चोळणा व्यभिचाराचं, मंदील गर्वाचं कारण तो डोक्यावर उंच असतो, आणि झगा चहाडीचं, कारण घुंगरं आवाज करतात आणि चहाडीही आवाजच. मला हे फार आवडतं. आणि ख्रिस्ती परंपरेत नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राच्या आधाराने सगळं ख्रिस्ताकडे वळवून वाचतात. तुम्ही कुठे शिकवताय त्यावर कोणतं पुढे घ्यायचं ते ठरेल. चर्चमधे शिकवताय तर तिसरं येणारच, त्यात गैर काही नाही, फक्त "मोशेने निळा वापरला कारण अमुक" असं म्हणू नका, "नंतरच्या लोकांना त्यात अमुक दिसलं" असं म्हणा. एवढा फरक आठवीच्या पोराला बरोबर कळतो, मोठ्यांनाच कळत नाही.

आता जिथे मजकूर स्वतः बोलतो तिथे मात्र नीट ऐका. अशा जागा मोजक्या आहेत.

खांद्यावरचे दोन गोमेद, प्रत्येकावर सहा नावं, जन्माच्या क्रमाने. आणि ऊरपटावर बारा रत्नं, चार रांगा, प्रत्येकावर एक नाव. कारण दिलंय, तो आत जाईल तेव्हा इस्राएलाची नावं स्मरणासाठी परमेश्वरापुढे नेईल. म्हणजे एकच नावं दोनदा, एकदा खांद्यावर एकदा छातीवर. आपण नाही का म्हणत जबाबदारी खांद्यावर घेतली, आणि जिवाभावाचं माणूस छातीशी धरलं. इथे ते शब्दशः केलंय. रत्नं नेमकी कोणती याच्या भानगडीत मुलांसमोर पडू नका, ती हिब्रू नावं आज कुठल्या खड्याला लावायची यावर एकमत नाही. नीलमणी छापलंय तो बहुधा आजचा नीलम नसून लाजवर्द असावा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून यायचा तो.

कपाळावरची सोन्याची पट्टी, "परमेश्वरासाठी पवित्र" असं कोरलेली. कारण दिलंय, लोकांनी आणलेल्या पवित्र दानांमधे जो काही दोष राहून गेला असेल तो अहरोन, म्हणजे पहिला प्रमुख याजक, वाहील. म्हणजे मी पवित्र आहे म्हणून मिरवायची ती पाटी नाही, दुसऱ्यांची राहिलेली उणीव कपाळावर घेऊन उभं राहायचं. ही पट्टी निळ्या दोऱ्याने बांधायची. आणि आता गणना 15:38 बघा, प्रत्येक साध्या इस्राएली माणसाने कपड्याच्या कोपऱ्याला गोंडे लावायचे आणि त्यात एक निळा धागा. म्हणजे प्रमुख याजकाच्या कपाळावरच्या दोऱ्याचा रंग शेतकऱ्याच्या पदराला आहे. निर्गम 19:6 मधे अख्ख्या लोकांना याजकांचं राज्य म्हटलंय, तर त्याची एका धाग्याएवढी निशाणी. मी पहिल्यांदा हे दोन्ही संदर्भ शेजारी ठेवून वाचले तेव्हा त्या दिवशीचा क्लास तिथेच थांबला होता.

घुंगरं. निळ्या झग्याच्या घेराला एक डाळिंब एक घुंगरू असं आळीपाळीने. किती ते निर्गममधे नाही, तालमूदमधे 72 चा आकडा येतो आणि 36 चंही मत येतं. कारण दिलंय, तो आत जाता येता आवाज ऐकू यावा म्हणजे तो मरणार नाही. बस एवढंच. माझी समजूत अशी की राजाकडे न कळवता घुसायचं नाही, एस्तेरच्या पुस्तकात बोलावल्याशिवाय राजापुढे गेलं तर मरणदंड आहे तसंच काहीसं. दारावर थाप मारायच्या ऐवजी अंगावरचं वस्त्रच वर्दी देतंय.

आणि चोळणा. लोक हसतात म्हणून शिक्षक गाळतात, गाळू नका. कमरेपासून मांडीपर्यंत, नग्नता झाकायला, साफ लिहिलंय. वेदीपुढे लाज उघडी पडायची नाही.

आता दोरी. नाही हो, दोरी नाही! निर्गममधे नाही, लेवीयमधे नाही, मिश्ना या तालमूदच्या आधीच्या ज्यू नियमसंग्रहात नाही, तालमूदमधे नाही. पायाला दोरी ही गोष्ट जोहर नावाच्या मध्ययुगातल्या गूढ ग्रंथात येते, तेराव्या शतकात स्पेनमधे पुढे आलेला, म्हणजे मंदिर इ.स. 70 ला पडलं त्यानंतर बाराशे वर्षांनी. आणि प्रवचनात ती गोष्ट कशी सांगतात, बाहेरचे लोक घुंगरांचा आवाज ऐकत बसायचे, आवाज थांबला की दोरी ओढायची. पण लेवीय 16:4 वाचा ना. वर्षातून एकदा प्रायश्चित्ताच्या दिवशी तो परमपवित्रस्थानात जातो तेव्हा घुंगरांचा झगा अंगावर नसतोच! सोनं नाही, ऊरपट नाही, निळं काही नाही, फक्त साधं पांढरं जवसाचं कापड, चार वस्त्रं. मग थांबायला आवाज कुठला?

आणि माझ्या मते दोरीच्या गोष्टीमुळे झालेलं खरं नुकसान हेच आहे, की लोकांना ती ऐकून माहीत असते आणि त्या दिवशी तो सगळं उतरवतो ही खरी गोष्ट माहीत नसते. वर्षभर बाहेरच्या दालनात राजासारखा, आणि जेव्हा सगळ्यात आत जायचं तेव्हा नोकरासारखा. रब्बींनी याचं कारण दिलंय की आरोप करणारा हाच बचावाचा वकील होऊ शकत नाही, म्हणजे इस्राएलाने वाळवंटात पूजलेल्या सोन्याच्या वासराचं पाप आठवून देणारं सोनं घालून क्षमा मागायला जायचं नाही. मिश्नाप्रमाणे त्या दिवशी त्याची पाच वेळा आंघोळ आणि दहा वेळा हातपाय धुणं, कारण सोन्याच्या वस्त्रातून पांढऱ्यात, पांढऱ्यातून सोन्याच्या असं दिवसभर चालू. आणि आपल्यासाठी एक गंमत, मिश्नात असं मत आहे की त्या दिवशी सकाळी तो इजिप्तच्या पेलूसियमचं कापड घालायचा आणि दुपारनंतर हिंदुयीन, म्हणजे हिंदुस्थानी कापड, 800 झूझ, म्हणजे चांदीच्या नाण्यांच्या किमतीचं. तर यरुशलेमच्या मंदिरातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी अंगावर आपल्याकडचं कापड, निदान त्या नावाचं तरी.

कपडे जागेचे म्हणालो त्याचे अजून दोन पुरावे देतो. गणना 20 मधे अहरोनाचा मृत्यू आहे. मोशे, अहरोन आणि एलाजार तिघं होर डोंगरावर चढतात, मोशे भावाच्या अंगावरची वस्त्रं काढतो आणि त्याच्या मुलाला घालतो, मग अहरोन मरतो, आणि दोघं खाली येतात. याजकपद मेलं नाही, कपड्यातून पुढच्या अंगावर गेलं. तालमूद तर सरळ म्हणतो, वस्त्रं अंगावर तर याजकत्व अंगावर, वस्त्रं नाहीत तर याजकत्व नाही. दुसऱ्या मंदिराच्या, म्हणजे शलमोनाचं पहिलं मंदिर पडल्यावर बांधलेल्या मंदिराच्या काळात अभिषेकाचं तेल उरलं नव्हतं तेव्हा प्रमुख याजक नेमायचे ते आठ वस्त्रं घालूनच.

दुसरा पुरावा रोमी लोकांचा. त्यांना ब्रह्मज्ञान नव्हतं पण सत्ता कळत होती. त्यांनी प्रमुख याजकाची वस्त्रं मंदिराशेजारच्या अंतोनिया किल्ल्यात कुलूपबंद ठेवली, सणाच्या सात दिवस आधी बाहेर द्यायची, सण झाला की परत जमा. साधारण इ.स. 36 च्या सुमारास सूरियाचा सुभेदार वितेल्लियसने ती ज्यूंच्या ताब्यात परत दिली, आणि लोकांना ती मोठीच मेहेरबानी वाटली. एका ड्रेससाठी एवढं राजकारण, कारण तो ड्रेस ज्याच्या पेटीत त्याच्या हातात देऊळ.

आता शिवण्याबद्दल. पहिल्या वेळी मी कॉस्च्युम भाड्याने देणाऱ्या एका दुकानातून तयार ड्रेस आणला, साटीनचा, छातीवर चिकटवलेले प्लास्टिकचे खडे, प्रार्थना संपेपर्यंत पाच खडे जमिनीवर, पाच वंश हरवले म्हणून पोरं हसायला लागली. मग ओळखीच्या शिंप्याकडे बसून शिवला. त्याला निर्गम वाचून दाखवला, तो मन लावून ऐकत होता आणि मधेच म्हणाला, सर हे लिहिणाऱ्याने कपडा शिवताना पाहिलाय. का विचारलं तर म्हणाला, गळ्याला दुहेरी पट्टी सांगितलीय फाटू नये म्हणून, हे न शिवणाऱ्याला सुचत नाही. 28:32 मधे खरंच आहे ते, डोकं घालायच्या भोकाला विणलेली किनार.

ऊरपटाचं तर मी स्वतः शिकलो. एक वीत लांब एक वीत रुंद, कापड दुहेरी, म्हणजे खिसाच, त्यात ऊरीम आणि थुम्मीम, म्हणजे देवाचा कौल घ्यायच्या वस्तू, ठेवायचे. मी वरच्या दोन कड्या साखळीने खांद्याला अडकवल्या आणि झालं असं समजलो. ज्या मुलाने घातला तो नमन करायला वाकला आणि ऊरपट सुटून सरळ त्याच्या हनुवटीवर. घरी येऊन 28:28 परत वाचलं, खालच्या कड्या निळ्या फितीने एफोदाला बांधाव्या म्हणजे ऊरपट सुटणार नाही. इतकी वर्षं ते वाक्य मी भराभर वाचून पुढे जात होतो. आता खालून बांधतो, मुलगा कितीही वाकला तरी नावं छातीला चिकटून राहतात.

तुमच्या ड्रेससाठी एवढं करा. आतला अंगरखा पांढरा सुती चालेल. झगा एकाच निळ्या रंगाचा, बाह्यांबद्दल मजकुरात काही नाही, मी बिनबाह्यांचा करतो. एफोदासाठी पैठणीच्या काठासारखी जरीची पट्टी मिळाली तर लावा, फक्त मुलांना सांगा की आपली जरीची तार ओढून करतात आणि तिथे 39:3 प्रमाणे सोन्याचा पत्रा ठोकून त्याच्या बारीक पट्ट्या कापल्या होत्या. घुंगरं पितळेची, नाचाच्या सामानाच्या दुकानात सुटी मिळतात, प्लास्टिकची नको, आवाज नाही तर झगा नाही. खऱ्या घुंगराचा अंदाज हवा असेल तर 2011 मधे यरुशलेमच्या जुन्या सांडपाण्याच्या गटारात दुसऱ्या मंदिराच्या काळातलं एक सोन्याचं घुंगरू सापडलंय त्याचा फोटो दाखवा, अगदी इवलंसं आहे. कुणाच्या कपड्याचं होतं हे कुणी सांगू शकत नाही, त्यामुळे अहरोनाचं म्हणून दाखवू नका. चपला बूट काही नाही, अनवाणी. हे आपल्या मुलांना समजवावं लागत नाही.

आणि मुलं एक प्रश्न हमखास विचारतात, जुने झालेले कपडे कुठे जायचे? याचं उत्तर मिश्नात आहे. याजकांचे झिजलेले चोळणे आणि कमरबंद फाडून त्याच्या वाती करायचे, आणि मंडपाच्या सणाला रात्री मंदिराच्या अंगणात उंच दिवे लागायचे त्यात त्या जळायच्या. मी क्लासच्या शेवटी जुन्या पांढऱ्या कापडाची एक वात वळून पणतीत लावतो.